ट्रेंट ब्रिजचा गवंडी

१८४६ च्या उन्हाळ्यात लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर एमसीसी या क्लबने सभासदांच्या सरावासाठी एक नवा गोलंदाज नोकरीला ठेवला. साहेब लोकांनी बॅट घेऊन उभे राहायचे आणि याने दिवसभर चेंडू टाकायचे, अशी ती चाकरी. एरवी या कामाला दमदार तरुण पोरे यायची. हा गडी मात्र सत्तेचाळीस वर्षांचा होता. अंगाने सुटलेला, एक डोळा कायमचा गेलेला, आणि गोलंदाजी म्हणाल तर खाली हाताने, संथ. लंडनमधल्या जाणकारांनी ती पद्धत केव्हाच मोडीत काढली होती. त्याचे नाव विल्यम क्लार्क. नॉटिंगहॅमचा, जातिवंत गवंडी.

या माणसाला पुढे जेमतेम दहा वर्षे मिळाली. पण त्या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये क्रिकेट खेळून पोट भरण्याची रीतच पालटली. ती पालटण्यात क्लार्कचा वाटा सर्वांत मोठा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्याच्या हाताखाली खेळलेल्यांना त्याचा रागही सर्वांत जास्त आला, हेही तितकेच खरे.

त्याआधी धंदेवाईक क्रिकेटपटू जगायचा तो कुणा ना कुणा बड्याच्या आश्रयाने. अठराव्या शतकातला नामांकित गोलंदाज एडवर्ड स्टीव्हन्स, ज्याला सगळे ‘लम्पी’ म्हणत, तो अर्ल ऑफ टँकरव्हिलच्या बागेत माळी होता. पगार बागकामाचा, पण खरे काम धनीसाहेबांच्या पैजा जिंकून देण्याचे. १७७५ मध्ये लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर त्याने जॉन स्मॉल या फलंदाजाला तीनदा चकवले. तिन्ही वेळा चेंडू दोन यष्ट्यांच्या मधल्या फटीतून निघून गेला आणि स्मॉल नाबाद राहिला. मधली तिसरी यष्टी आली ती त्यानंतर. खेळाचा नियम बदलायला लावणारा हा गोलंदाज, पण सरकारदरबारी माळीच. पुढच्या पिढीत फुलर पिल्चसारख्या अव्वल फलंदाजाला केंटच्या लोकांनी वर्षाला शंभर पौंड कबूल करून नॉर्फकहून आणले. म्हणजे आश्रयदात्याच्या जागी मंडळ आले, पण मर्जी राखणे काही सुटले नाही. धावफलकावरसुद्धा हौशी खेळाडूच्या नावाला ‘मिस्टर’ किंवा ‘एस्क्वायर’ लागे. धंदेवाल्याचे नुसते आडनाव.

नॉटिंगहॅमची हवा वेगळी होती. हे मोजे विणणाऱ्यांचे आणि लेस करणाऱ्यांचे गाव. घरात माग, काम नगावर, त्यामुळे कामाची वेळ विणकराच्या हातात. दुपारी दोन तास चेंडूफळी खेळून रात्री दिव्याच्या उजेडात तेवढे काम भरून काढता येई. या गावाचे क्रिकेट जमीनदारांच्या हिरवळीवर वाढले नाही, ते गल्लीतून आणि ‘द फॉरेस्ट’ नावाच्या मोकळ्या माळावरून वर आले. क्लार्कचा जन्म १७९८ चा. बापाचाच गवंडीकामाचा धंदा त्याने उचलला. विशीच्या आत तो गावच्या संघात होता. पुढे त्याने ‘बेल इन’ ही खानावळ चालवायला घेतली. तिशीच्या आसपास ‘फाइव्हज’ हा भिंतीवर चेंडू मारण्याचा खेळ खेळताना चेंडू डोळ्यावर बसला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. क्रिकेट त्याने सोडले नाही. गोलंदाजाला अंतराचा अंदाज दोन डोळ्यांनी येतो. एका डोळ्यावर टप्पा इतका अचूक ठेवायला या माणसाने किती चेंडू टाकून हात बसवला असेल, याचा विचार केला की मला त्याच्या पुढच्या सगळ्या आकड्यांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

१८३७ च्या अखेरीस त्याने मेरी चॅपमन या विधवेशी लग्न केले. ट्रेंट नदीच्या पुलापाशी तिची खानावळ होती, ‘ट्रेंट ब्रिज इन’. मागे कुरण होते. खानावळीच्या मागे कुरण दिसले की दुसऱ्या कुणाला त्यात गुरे दिसली असती. क्लार्कने १८३८ मध्ये त्याला कुंपण घातले, जमीन सारखी केली आणि सामन्याला आत येणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. गावाला हे रुचले नाही. फॉरेस्टच्या माळावर आजवर फुकट बघायला मिळे, मग इथे खिशात हात का घालायचा? धंदा म्हणून ते मैदान क्लार्कच्या हयातीत कधी फारसे चालले नाही. पण ते टिकले. आज आपण ट्रेंट ब्रिज म्हणून ओळखतो ते हेच मैदान. २००७ मध्ये श्रीरामपूरच्या झहीर खानने याच मैदानावर नऊ बळी घेऊन भारताला कसोटी जिंकून दिली. ती कसोटी पाहणारे किंवा पेपरात वाचणारे आपले लोक पुष्कळ आहेत. त्या कुरणाला पहिले कुंपण एका गवंड्याने घातले होते, हे मात्र फारसे कुणाला सांगितले गेले नाही.

खानावळ सावत्र मुलावर सोपवून क्लार्क लंडनला आला तेव्हा गोलंदाजीचे जग बदललेले होते. १८२२ मध्ये जॉन विल्सने लॉर्ड्सवर हात बाजूने उंच फिरवून चेंडू टाकला होता. पंचाने नो-बॉल दिला आणि विल्स रागाने घोड्यावर बसून कायमचा निघून गेला, असे सांगतात. पण त्याची पद्धत काही गेली नाही. ससेक्सच्या विल्यम लिलीव्हाइट आणि जेम्स ब्रॉडब्रिज यांनी तीच पुढे रेटली. १८२८ मध्ये कोपरापर्यंत आणि १८३५ मध्ये खांद्यापर्यंत हात उचलायला नियमाने परवानगी मिळाली. त्यानंतर दहा वर्षे सगळीकडे खांद्याच्या उंचीवरून वेगाने येणारे चेंडू. फलंदाजांची नवी पिढी तेच खेळत मोठी झाली. खाली हाताने टाकलेला खरा चांगला चेंडू कसा असतो, हे त्यांना माहीतच नव्हते. क्लार्कच्या यशाचे निम्मे कारण इथे आहे.

उरलेले निम्मे त्याच्या मनगटात आणि डोक्यात होते. त्याच्याबरोबर खेळलेल्या विल्यम कॅफिनने त्याची गोलंदाजी जवळून पाहून लिहून ठेवली आहे. क्लार्क थोडी पावले सावकाश चालत येई. चेंडू सुटायच्या क्षणाआधी कोपर मागे दुमडून तो हात इतका वर नेई की चेंडू जवळजवळ काखेपाशी यायचा. खाली हाताच्या गोलंदाजीत जेवढी उंची नियमाने मिळवता येते तेवढी सगळी तो तिथून मिळवी. चेंडूला लेगकडून ऑफकडे फिरकी. हवेत तरंगत येणारा तो चेंडू पाहून फलंदाजाला वाटे, हा काय, सहज मारू. पण टप्पा पडला की चेंडू अंदाजापेक्षा लवकर आणि उंच उसळे. हातमोजे म्हणजे त्या वेळी नावालाच. बोटावर तरी लागे, नाहीतर बॅटच्या वरच्या भागाला लागून जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात जाई. चिडून पुढे धावावे तर पुढचा चेंडू हातभर आखूड, आणि यष्टिरक्षक टॉम बॉक्स वाट पाहत उभाच.

सामना सुरू होण्याआधी प्रतिस्पर्धी सराव करत असले की क्लार्क मैदानाच्या कडेने उगाच फिरतोय असे दाखवी. फिरता फिरता प्रत्येकाची उभे राहण्याची ढब, बॅट धरण्याची पद्धत, पाय कुठे पडतो, हे सगळे टिपून घेई. हा पुढे येऊन खेळतो, तो क्रीझ सोडायला भितो, हा लेगला मारायला बघतो, अशी प्रत्येकाची कुंडली सामन्याआधीच तयार. मग क्षेत्ररक्षक त्याप्रमाणे लावायचे आणि चेंडू त्याप्रमाणे टाकायचे. फलंदाजाचा अभ्यास करून गोलंदाजी करणे आज शाळेतल्या मुलालाही शिकवतात. त्या काळी बहुतेक गोलंदाज सगळ्यांना एकच चेंडू टाकत, फक्त जोर कमीजास्त. क्लार्कचा धसका फलंदाजांनी इतका घेतला की त्याला खेळावे कसे, एवढ्याच विषयावर निकोलस वॉनोस्ट्रॉक्ट या शाळामास्तर फलंदाजाने १८५२ मध्ये एक पुस्तिका काढली. तो ‘फेलिक्स’ या टोपणनावाने खेळे. एका विशिष्ट गोलंदाजाला तोंड कसे द्यावे यावर त्याच्या हयातीत पुस्तिका निघावी, हा मान त्या काळी दुसऱ्या कुणाला मिळाल्याचे मला आठवत नाही. पायांचा उपयोग करून पुढे जाणाऱ्या पिल्च, फेलिक्स, जॉर्ज पार यांच्यासारख्यांना तो सापडे. क्रीझला चिकटून बसणाऱ्यांची मात्र धडगत नसे.

लॉर्ड्सवर आला त्याच वर्षी तो धंदेवाल्यांच्या संघातून ‘जंटलमन’ म्हणजे हौशी लोकांविरुद्ध खेळला. पण नोकरी करत बसणे त्याच्या स्वभावात नव्हते. लॉर्ड्सवर देशातले उत्तमोत्तम धंदेवाले त्याला एकाच जागी भेटले. आणि देशात त्याच वर्षांत रेल्वेचे पेव फुटले होते. जिथे घोडागाडीने तीन दिवस लागत तिथे आता एका दिवसात जाता येई. क्लार्कने या दोन गोष्टी जोडल्या. ऑगस्ट १८४६ च्या अखेरीस त्याने ‘ऑल-इंग्लंड इलेव्हन’ नावाचा स्वतःचा संघ शेफील्डला नेला. समोर शेफील्डचे वीस खेळाडू. पहिलाच सामना हे लोक हरले, पण बघायला गर्दी लोटली. मग मँचेस्टर, मग लीड्स. पुढच्या वर्षी आमंत्रणांचा ओघ लागला आणि तो थांबलाच नाही.

पद्धत सोपी होती. गावातल्या क्लबने ठराविक रक्कम द्यायची, मैदान आखून ठेवायचे, तिकिटे लावायची. गावकऱ्यांनी बावीस खेळाडू उतरवायचे, कारण अकराविरुद्ध अकरा हा खेळच झाला नसता. कधी कधी गावकरी आपल्या बाजूने एखाद-दुसरा धंदेवाईक गोलंदाजही मागून घेत. सोमवार ते बुधवार एक सामना, रात्रीची गाडी पकडायची, गुरुवार ते शनिवार दुसऱ्या गावी दुसरा. आपल्याकडे पुढे संगीत नाटक कंपन्या सामान बांधून गावोगाव फिरल्या आणि मालक हाच प्रमुख नटही असे, तसेच काहीसे हे बिऱ्हाड होते. संघात पिल्च, फेलिक्स, लिलीव्हाइट, हिलियर, मार्टिंगेल. केंटचा अगडबंब आल्फ्रेड मिन. पुढे जॉन विझ्डेन, जॉर्ज पार, कॅफिन. फेलिक्सने १८४७ च्या संघाचे चित्र काढले आहे. उंच टोप्या घातलेली ती माणसे पाहिली की ही मंडळी खेळायला निघालीत की लग्नाला, असे वाटावे.

मैदाने कसली, माळरानेच. कुठे गवत गुडघाभर, कुठे खेळपट्टीवर खडे. कॉर्नवॉलमध्ये चेंडूमागे धावणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या पायाखालून तित्तिरांचा थवा उडाला, ही त्या दौऱ्यांची आठवण पुढे बरीच वर्षे सांगितली जाई. रेल्वे संपली की उघड्या घोडागाडीतून रात्रभर प्रवास आणि सकाळी उतरून थेट मैदानात. क्लार्कचे दुपारचे जेवण म्हणजे एक चिरूट आणि सोडावॉटरची बाटली. रात्री मात्र तो भाजलेल्या अख्ख्या हंसावर ताव मारी. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाने हे आयुष्य दहा मोसम काढले.

आणि बळी तर ढिगाने घेतले. १८४७ ते १८५३ या सात मोसमांत २,३८५. एकट्या १८५३ मध्ये ४७६. समोर बावीस गावकरी असत आणि त्यांतल्या निम्म्यांना बॅट धरता येत नसे, हे धरले तरी चेंडू टाकायला हात लागतोच. त्याच १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली आगगाडी धावली, आणि मुंबईच्या पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढून तेव्हा पाच वर्षे झाली होती. इंग्लंडच्या आडगावांना उत्तम क्रिकेट कसे असते हे पहिल्यांदा दिसले ते याच काळात आणि क्लार्कच्या गाडीतून उतरलेल्या माणसांमुळे. बरेच काउंटी क्लब नंतर आले, ते या गर्दीच्या जोरावर.

पण पैशाचे काय? क्लार्क आपल्या खेळाडूंना सामन्याला चार ते सहा पौंड देई. प्रवास आणि राहणे त्यांनी त्यातूनच भागवायचे. मजुराच्या मिळकतीशी ताडून पाहिले तर ही बिदागी वाईट नव्हती. पिल्चला वर्षाला जे मिळे ते इथे वीस-पंचवीस सामन्यांत हाती येई, आणि तेही कुणा उमरावाची मर्जी न सांभाळता. दुखणे वेगळे होते. गावच्या क्लबकडून एकूण किती आले आणि क्लार्कच्या खिशात किती गेले, हे कुणालाच कळत नसे. सामना संपल्यावर तो टेबलामागे बसे, पुढे सोन्याचांदीच्या नाण्यांचा ढीग. एकेकाचे नाव घेऊन तुला इतके, तुला तितके, असे मोजून पुढे सरकवी. मोठ्या नावाला थोडे जास्त, लहानाला कमी. शेवटी ढिगातला उरलेला मोठा भाग शांतपणे स्वतःच्या खिशात लोटी. ही आठवण त्या काळच्या क्रिकेट मंडळींत तोंडोतोंडी फिरली. कष्टाची वाटणी सगळ्यांना दिसत होती, हिशेबाची वही एकालाच दिसत होती. माझ्या मते खेळाडूंचा राग रकमेवर कमी आणि या न दिसणाऱ्या वहीवर जास्त होता.

मैदानातही तो एकछत्री. स्वतःला गोलंदाजीवरून काढणे त्याला जमायचे नाही. मार पडत असला तरी पुढच्या षटकात विकेट नक्की, हा त्याचा विश्वास अढळ. त्यामुळे संघातले इतर गोलंदाज हातावर हात ठेवून उभे राहत. विझ्डेनसारख्याने किती सोसायचे? १८५० मध्ये लॉर्ड्सवर ‘नॉर्थ’ म्हणजे उत्तरेच्या संघाकडून खेळताना विझ्डेनने एका डावात दहाही बळी घेतले होते आणि दहाही त्रिफळा.

१८५२ मध्ये भडका उडाला. विझ्डेन आणि ससेक्सचा जेम्स डीन यांनी ‘युनायटेड ऑल-इंग्लंड इलेव्हन’ हा दुसरा संघ उभा केला. सप्टेंबरात शेफील्डला जमून या खेळाडूंनी एका ठरावावर सह्या केल्या. काउंटीचे सामने सोडून, ज्या सामन्याचा कारभार विल्यम क्लार्कच्या हातात असेल त्यात आम्ही कुठल्याच बाजूने खेळणार नाही. कारण म्हणून त्याच्याकडून मिळालेल्या वागणुकीचा स्पष्ट उल्लेख केला. क्रिकेटपटूंनी एकत्र येऊन, लेखी, नाव घेऊन मालकाविरुद्ध उभे राहण्याचा हा प्रसंग मला त्या काळातला सर्वांत धाडसाचा वाटतो. सह्या करणाऱ्यांत वेगळे उत्पन्न असलेले फार थोडे होते. मोसम बुडाला असता तर घरी चूल पेटण्याची पंचाईत होती.

इथे मी क्लार्कची बाजू घेणार नाही. उमरावाच्या बागेतून धंदेवाल्याला बाहेर काढले ते त्याने, आणि लगेच स्वतःच त्याचा धनी होऊन बसला. आश्रयाशिवायही पोट भरता येते हे त्यानेच या मुलांना दाखवले होते. मग त्यांनी त्याच्याशिवाय भरून दाखवले, यात नवल ते काय? दुसरा संघ निघाल्यावर क्लार्कचे तिकीट बंद पडले नाही, हे विशेष. मागणी इतकी होती की दोन्ही कंपन्या भरल्या पोटी चालल्या.

१८५४ मध्ये क्लार्क संघ घेऊन ब्रिस्टलला गेला. तिथल्या एका क्रिकेटवेड्या डॉक्टरने सामना ठरवला होता. डॉक्टर हेन्री ग्रेस. मैदानाच्या कडेला घोडागाडीत त्यांची पत्नी मार्था आणि शेजारी सहावे वर्ष अजून न संपलेला मुलगा सामना बघत होते. तो मुलगा म्हणजे डब्ल्यू. जी. ग्रेस. पुढच्या वर्षी संघ पुन्हा गेला तेव्हा त्याचा मोठा भाऊ एडवर्ड, वय तेरा, गावच्या बावीसांत खेळला. त्याचे क्षेत्ररक्षण पाहून क्लार्कने त्याला बॅट बक्षीस दिली आणि आपल्या क्रिकेटविषयक सूचना ज्यात छापल्या होत्या ते पुस्तक आईला भेट दिले. पैशांच्या बाबतीत हात आखडणाऱ्या या माणसाचा हात तिथे मोकळा झाला. गुणी पोर त्याच्या नजरेतून सुटत नसे. डब्ल्यू. जी. ग्रेसने आपली शेवटची कसोटी १८९९ मध्ये ट्रेंट ब्रिजवर खेळली. त्या मैदानावरची ती पहिलीच कसोटी होती.

१८५६ च्या जूनमध्ये व्हाइटहेव्हन या वायव्येकडच्या बंदरगावी क्लार्क शेवटचा खेळला. त्याने आयुष्यात टाकलेल्या शेवटच्या चेंडूवर विकेट पडली. पुढच्याच षटकात विकेट मिळेल म्हणून चेंडू न सोडणाऱ्या माणसाच्या वाट्याला तेवढे यायलाच हवे होते. २५ ऑगस्टला लंडनमध्ये तो वारला. सत्तावन्न वर्षांचा होता. संघ जॉर्ज पारच्या हाती आला.

शेफील्डच्या ठरावातली अट क्लार्कच्या नावाची होती. तो गेल्यावर ती आपोआप संपली. १८५७ मध्ये लॉर्ड्सवर ऑल-इंग्लंड आणि युनायटेड हे दोन्ही संघ पहिल्यांदा एकमेकांसमोर उभे राहिले, अकराविरुद्ध अकरा. पुढची दहा-बारा वर्षे हा सामना मोसमातला सर्वांत मोठा मानला जाई. बहुतेक वर्षी व्हिट्सन या ख्रिस्ती सणाच्या सोमवारी तो सुरू होई आणि त्याचे उत्पन्न जायबंदी झालेल्या, वय झालेल्या धंदेवाईक क्रिकेटपटूंच्या मदतनिधीला जाई.